द्राक्षांच्या ऑफिसचा १५ वर्षांचा मेल नव्या मशीनवर नेताना

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पाडव्याच्या मुहूर्तावर नवीन मशीन आलं ते तीन दिवस खोक्यातच होतं. हळदीकुंकू वाहिलेलं खोकं उघडायला कुणाचा हात धजेना. आज मी उघडलं.

आमचं ऑफिस नाशिकला, दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या अलीकडे. पॅकहाऊस मोहाडीला. द्राक्षं युरोपात जातात. मी या घरची सून आणि ऑफिसची हिशोबनीस. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. टॅली, एक्सेल आणि हट्ट एवढं भांडवल. ज्यांना हेच काम करायचंय त्यांचे निदान काही दिवस वाचावेत म्हणून रोजचं रोज लिहून ठेवतेय.

जुनं मशीन २०११ चं. विंडोज ७, ज्याचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला. मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम, आवृत्ती ६०, कुणी कधी अपडेटच केलं नाही. गेल्या महिन्यापासून हार्ड डिस्क मधूनच कट्-कट् करते, मग स्क्रीन अर्धा मिनिट गोठते. नवीन मशीन विंडोज ११ आणि थंडरबर्ड १४०.

वेळ मुद्दाम आत्ताची धरली. ऑक्टोबर छाटणी उरकलीय, माल निघायला जानेवारी. आत्ता मेल कमी असतात. सीझनमध्ये या कामाला हात लावणं म्हणजे चालत्या कंटेनरचं टायर बदलणं.

मेल एवढे जपायचे कशाला, असं कुणीही विचारेल. त्यात औषधांच्या अवशेषांच्या तपासणीचे रिपोर्ट आहेत, फायटोच्या, म्हणजे माल रोग-किडीमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याच्या, प्रती आहेत, कंटेनरच्या तापमानाचे आलेख आहेत, आणि तिकडच्या खरेदीदाराने 'माल खराब निघाला' म्हणून पाठवलेले सडक्या घडांचे फोटो आहेत. शिवाय २०१० आहे. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतो. वेलीची वाढ रोखायला मारतात. तपासणीच्या यादीत तेव्हा ते नावच नव्हतं, त्यामुळे इथून रिपोर्ट स्वच्छ आणि तिकडे बंदरात माल अडकलेला. त्या हंगामाचा सगळा पत्रव्यवहार 'सीसीसी' नावाच्या एका फोल्डरात आहे. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सकाळीच बजावलं, "टॅली गेली तर परत लिहू. ते मेल गेले तर कुठून आणणार?"

आमचं खातं पॉप पद्धतीचं. मेल सर्व्हरवर १४ दिवस राहतो, मग उडतो. म्हणजे १५ वर्षांचा मेल जगात एकाच ठिकाणी आहे, त्या कट्-कट् करणाऱ्या डिस्कवर. २०१९ मध्ये एका बाहेरच्या डिस्कवर प्रत काढली होती. ती "घरातच कुठेतरी आहे", असं आमचे हे सहा वर्षं सांगतायत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

थंडरबर्डचं सगळं चंबूगबाळं प्रोफाइल नावाच्या एका फोल्डरात असतं, तो उचलून नव्या मशीनवर ठेवला की झालं, असं ऐकून होते. जुन्या मशीनवर मदतीच्या मेनूतून प्रोफाइल फोल्डर उघडला, थंडरबर्ड बंद केलं, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. दोन मिनिटांत झालं. २१२ एमबी. एवढंच? मला तर आनंदच झाला. तिथेच शंका यायला हवी होती.

नव्या मशीनवर ठेवून थंडरबर्ड चालू केलं. खात्याचं नाव दिसलं, सही दिसली. इनबॉक्स रिकामा. आणि मी बघत असतानाच खालच्या पट्टीत मेल उतरायला लागले, ४१२. सर्व्हरवर होते नव्हते ते १४ दिवसांचे सगळे मेल नव्या मशीनने ओढून घेतले. कुठला मेल आधीच उतरवलाय याची नोंद पॉपस्टेट नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते. ती इथे आलीच नव्हती, म्हणून त्याला सगळेच नवे वाटले.

नशीब, जुन्यावर ते आधीच होते. पण उलटं झालं असतं तर? तेव्हा कुणीही सुरू करताना पहिल्यांदा हे करा: नव्या मशीनची नेटची वायर काढा. आणि जुन्या मशीनच्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन १४ दिवसांची अट काढून 'सर्व्हरवर राहू द्या' करा. मी दोन्ही नंतर केलं.

अर्धा दिवस गेला. पत्त्यांची वहीही कोरी दिसत होती, पण त्याकडे तेव्हा लक्ष नव्हतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मेल गेले कुठे ते सापडलं. जुन्या मशीनवर खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पानावर तळाशी 'लोकल डिरेक्टरी' म्हणून एक ओळ असते. त्यात सी ड्राइव्हचा पत्ता असायला हवा. आमच्याकडे डी ड्राइव्हवरचा 'मेल' नावाचा फोल्डर. मग आबांना आठवलं: २०१३ च्या आसपास सी ड्राइव्ह भरला म्हणून एका मेकॅनिकने मेल डी वर हलवले होते. हलवले ते बरोबरच केलं, पण कुणी लिहून ठेवलं नाही.

डी वरच्या त्या फोल्डरचा आकार: २३.६ जीबी. काल मी २१२ एमबी घेऊन खूश होते.

आता ठरवलं की जुनं प्रोफाइल जसंच्या तसं नव्यात बसवायचंच नाही. आवृत्ती ६० ते १४०, मधल्या बदलांत काय काय मोडलं असेल ते शोधत बसण्यापेक्षा नव्यावर कोरं खातं करायचं, आणि जुने मेल 'लोकल फोल्डर्स' मध्ये ठेवायचे. थंडरबर्डमध्ये एक फोल्डर म्हणजे एक फाइल. इनबॉक्स नावाची, मागे डॉट वगैरे काही नसलेली मोठी फाइल, त्यात मेलमागून मेल एकाखाली एक लिहिलेले, आपल्या किर्दीसारखे. शेजारी त्याच नावाची डॉट एमएसएफ फाइल, ती फक्त अनुक्रमणिका. आणि पोटफोल्डर असतील तर डॉट एसबीडी नावाच्या फोल्डरात. हे एवढं कळलं की भीती निम्मी होते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ड्रॉवरमध्ये ३२ जीबीचा पेनड्राइव्ह होता. २३.६ मावतंय, म्हणून कॉपी लावली. पहिल्याच मिनिटात विंडोज म्हणालं, फाइल या ड्राइव्हसाठी फार मोठी आहे. पेनड्राइव्ह तर रिकामा! मी दोनदा काढून घातला. कारण असं: पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, जागा कितीही असो. आमची इनबॉक्स फाइल एकटीच ७.९ जीबीची.

पेनड्राइव्ह एनटीएफएस करून घेतला. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी तासभर गेला.

इथे एक मोह झाला. इनबॉक्समधले मेल आकाराने निम्मेही भरत नव्हते. बाकीची फाइल म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं खोडलेले मेल. थंडरबर्डमध्ये खोडलेला मेल नुसता दिसेनासा होतो, 'कॉम्पॅक्ट' केल्याशिवाय फाइलमधून जात नाही. म्हटलं, आधी कॉम्पॅक्ट करू, मग कमी कॉपी करावं लागेल. बोट बटणावर होतं. मग वाटलं, कॉम्पॅक्ट म्हणजे ७.९ जीबी वाचून नवीन फाइल लिहायची, तीही या डिस्कवर? नाही केलं. आधी प्रत, झाडलोट नंतर प्रतीवर. या सगळ्या कामात मी न चुकता केलेली ही एकच गोष्ट असेल.

दुपारी पुन्हा कॉपी. साधारण ४० मिनिटं छान चालली आणि मग डिस्क किंचाळली. 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक'. म्हणजे डिस्कचा तेवढा तुकडा वाचताच येत नाहीये. फाइल कुठली? २०१६-१७ च्या पाठवलेल्या मेलांची, २.३ जीबी. 'स्किप' दाबलं, बाकी सगळं आलं. ही एक फाइल पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आबा मागे येऊन उभे राहिले. "अगं, बैल बसला तर चाबूक मारत नाहीत."

मशीन बंद केलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येताना लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह आणला आणि शरणपूर रोडवरून ६५० रुपयांची साटा-यूएसबी वायर मी आणून ठेवली होती. जुनी डिस्क बाहेर काढून वायरने त्याच्या लॅपटॉपला लावली. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे, तो डिस्क वाचताना अडला की तिथेच डोकं आपटत बसत नाही. पुढे जातो, सगळं सोपं सोपं आधी उचलतो आणि मग अवघड जागी परत येतो. कुठे अडला त्याची नोंद ठेवतो, म्हणून मध्येच थांबवून परत लावता येतं.

"मावशी, फाइल नको, अख्खी डिस्क घेऊ," म्हणाला. त्यासाठी १ टीबीची बाहेरची डिस्क, ४,८०० रुपये. सकाळी साडेनऊला लावलं. डिस्क गरम होते म्हणून टेबलफॅन तिच्यावर. आमच्याकडे दुपारी वीज गेली, पण लॅपटॉप बॅटरीवर होता आणि डिस्क लॅपटॉपच्याच वायरवर नव्हती, तिला वेगळा अडॅप्टर होता. म्हणजे डिस्क बंद. वीज आल्यावर परत लावलं तर जिथे थांबलं होतं तिथून चालू. मी मनात हात जोडले.

रात्री पावणेनऊला संपलं. अख्ख्या डिस्कमधून २८ केबी वाचता आलं नाही. हे सगळे त्याच २०१६-१७ च्या फाइलमधले. तिथे नुसती शून्यं भरली गेली.

पण फाइल आली. यात एक गोष्ट लक्षात आली. मेल असे एकाखाली एक साध्या अक्षरांत लिहिलेले असले की मधलं एक पान फाटलं तरी मागचं पुढचं वाचता येतं.

भाच्याला मिसळ. त्याचा खर्च १६० रुपये, मी हिशोबात धरलाय.

२ नोव्हेंबर, रविवार

नव्या मशीनवर थंडरबर्ड पूर्ण बंद करून (खिडकी बंद केली म्हणजे बंद झालं असं नाही, टास्क मॅनेजरमध्ये बघा) सगळ्या फाइली 'लोकल फोल्डर्स' मध्ये 'जुना मेल' या पोटफोल्डराखाली ठेवल्या. नेटची वायर अजून काढलेलीच. चालू केलं. डावीकडे फोल्डरांची ओळ दिसली तेव्हा आबांना हाक मारली. इथे आधीच आनंद करायची माझी खोड दुसऱ्यांदा नडली.

इनबॉक्सवर क्लिक केलं. काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खिडकीवर 'प्रतिसाद देत नाही'. पंधराव्या मिनिटाला टास्क मॅनेजरमधून मारलं. पुन्हा उघडलं तर इनबॉक्समध्ये १९ हजार मेल. असायला हवेत ६१ हजार. छातीत धस्स.

मेल कुठे गेले नव्हते. ७.९ जीबीची फाइल वाचून थंडरबर्ड अनुक्रमणिका बनवत होता, आणि मी त्याला अध्यायाच्या मध्येच उठवलं. अर्धी अनुक्रमणिका त्याला पूर्ण वाटत होती. उपाय: फोल्डरवर उजवं क्लिक, गुणधर्म, 'रिपेअर फोल्डर'. मग हात बांधून बसा. मी चहा केला, कणीक भिजवली, चपात्या केल्या, आले तर ६१ हजार.

मोठा फोल्डर पहिल्यांदा उघडताना मशीन मेल्यासारखं दिसतं. मारू नका.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी इनबॉक्स गायब. फोल्डर दिसतो, आत शून्य. डिस्कवर बघितलं तर ७.९ जीबीची फाइलच नाही.

नव्या मशीनबरोबर आलेल्या अँटिव्हायरसने रात्री पूर्ण तपासणी केली. २०१५ च्या एका मेलला 'इन्व्हॉइस' नावाची झिप जोडलेली होती, तिच्यात विषाणू. अँटिव्हायरसच्या लेखी इनबॉक्स ही एकच फाइल, म्हणून एका मेलापायी ६१ हजार मेलांना कोठडी. एका पोराने खडू फेकला म्हणून अख्खा वर्ग बाकावर उभा.

कोठडीतून फाइल परत मागवली, 'जुना मेल' फोल्डर तपासणीतून वगळला, आणि तो झिपवाला मेल शोधून खोडून मग कॉम्पॅक्ट केलं. इनबॉक्स ७.९ वरून ३.७ जीबी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजची चूक सगळ्यात महाग. पैशाने नाही, डोक्याने.

बाकीच्या काही फोल्डरांतही आकडे कमी दिसत होते. ओळखीतल्या एकाने फोनवर सांगितलं, "ताई, सगळ्या एमएसएफ उडवून टाका. अनुक्रमणिकाच ती, नवीन बनते." पटलं. शोधून ७४ एमएसएफ फाइली निवडल्या आणि उडवल्या. थंडरबर्ड उघडलं.

अनुक्रमणिका नवीन बनल्या. पण ११ फोल्डरांची नावं गेली. त्या जागी आठ-आठ अक्षरांचे अंक-अक्षरांचे खिचडे. गाडीचा चेसिस नंबर असतो ना, तसे. कुठलं काय ते ओळखू येईना.

हे कळायला रात्र गेली. आमच्या आधीच्या क्लार्ककाकांनी २०१२ पासून फोल्डर आर्थिक वर्षाप्रमाणे केले होते, आणि वर्ष लिहिताना हिशोबी माणसाच्या सवयीने तिरकी रेघ: २०१२/१३, २०१३/१४, २०१४/१५. मीही तसंच लिहिते. पण तिरकी रेघ विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालत नाही. मग थंडरबर्ड काय करतो, डिस्कवर फाइलला असलं एक सांकेतिक नाव देतो आणि खरं नाव ठेवतो कुठे? एमएसएफमध्ये. फक्त एमएसएफमध्ये. नुसती अनुक्रमणिका म्हणून मी जी फेकली तिच्यावरच पुस्तकाचं नाव होतं.

बरं, पेनड्राइव्हवरची मूळ प्रत तशीच होती. तिथल्या सांकेतिक नावाच्या एमएसएफ नोटपॅडमध्ये उघडल्या. आत सगळी कंसांची आणि आकड्यांची गिचमीड, पण वर्षासारखं काही शोधलं तर त्यात '२०१४/१५' स्वच्छ सापडतं. कागदावर जोड्या लिहिल्या आणि नव्या मशीनवर ११ फोल्डरांना नावं परत दिली. या वेळी मधे साधी आडवी रेघ.

एमएसएफ उडवायची असेल तर एकेका फोल्डरची उडवा, किंवा उडवूच नका, रिपेअर वापरा. मला आता त्या फोनवाल्या दादांचा राग नाही. त्यांच्या फोल्डरांच्या नावात तिरकी रेघ नसणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. संध्याकाळी गोदाघाटावर दिवे. काम नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पत्त्यांची वही. जुन्या डिस्कची प्रत भाच्याने दुसऱ्या एका जुन्या मशीनवर चालू करून दिली, तिथे थंडरबर्ड ६० मधून पत्ते एलडीआयएफ प्रकारात बाहेर काढले, नव्यात आयात केले. ९३८ पत्ते. आधी सीएसव्ही या दुसऱ्या प्रकाराने केलं होतं, पण मधे एक्सेलमध्ये उघडून जतन केल्यावर मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली. एलडीआयएफला हातच लावला नाही, म्हणून नीट आलं.

नव्या खात्यासाठी पॉपऐवजी आयमॅप निवडलं. मेल सर्व्हरवरच राहतात, आबांच्या फोनवरही तेच दिसतात. सर्व्हरची जागा १० जीबी, तेव्हा दरवर्षी मेअखेर त्या वर्षाचे मेल लोकलमध्ये ओढायचे. वर्ष बदललं की वही बदलायची, याची आम्हाला सवय आहे. नेटची वायर आज जोडली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेळ घातल्याशिवाय मला झोप येत नाही, तेव्हा मेळ.

थंडरबर्ड ६० मध्ये फोल्डरांच्या पट्टीत 'एकूण' हा रकाना दाखवता येतो. नव्यात फोल्डर पट्टीच्या तीन ठिपक्यांत एकूण मेल दाखवायची सोय आहे. एक्सेलमध्ये ७४ ओळी, जुने, नवे, फरक. (कॉम्पॅक्टमुळे हा आकडा हलत नाही, खोडलेले आधीच मोजलेले नसतात. इनबॉक्समधला तो झिपवाला मात्र मी जुन्यातूनही वजा धरला.)

जुने एकूण: १,४८,२३६. नवे एकूण: १,४८,२३९.

फरक ३, तोही जास्त. आबा म्हणाले, "जास्त आलेत ना? मग कशाला बघतेस?" आबा शेतकरी आहेत. ट्रायल बॅलन्स तीन रुपयांनी चुकला तर मागे तीन लाखांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात, हे ज्याने रात्री काढल्यात त्यालाच माहीत. आणि ज्या फाइलमधले २८ केबी गेलेत तिच्यासकट बेरीज जास्त येते, हे शक्यच नव्हतं.

ओळीओळीने बघितलं. ७२ फोल्डर तंतोतंत. २०१६-१७ पाठवलेले: ३ कमी. ते समजतंय, ती शून्यं. आणि 'सीसीसी' फोल्डर: ६ जास्त.

नेमका सीसीसी.

८ नोव्हेंबर, शनिवार

सीसीसी फोल्डर तारखेप्रमाणे लावला. सगळ्यात वर सहा मेल, पाठवणारा नाही, विषय नाही, तारीख १ जानेवारी १९७०, सकाळी ५.३०. कॉम्प्युटरला तारीख सापडली नाही की तो तिथून मोजायला सुरुवात करतो, आणि भारतात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. आबांना दाखवलं. "सत्तर साली सकाळी साडेपाचला मी गोठ्यात असेन," म्हणाले.

उघडून वाचले. मेल नव्हते ते, मेलांचे खालचे अर्धे भाग होते. त्यांचे वरचे भाग त्याच फोल्डरात, मधेच तुटलेले.

फाइलमध्ये मेल एकाखाली एक लिहिलेले असतात हे आधी लिहिलंय. मग एक संपून दुसरा सुरू झाला हे कशावरून कळतं? ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द आणि पुढे मोकळी जागा. ती नव्या मेलची खूण. मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम' ने सुरू होत असेल तर तिच्याआधी एक बाण (>) घालायचा असतो, म्हणजे गोंधळ होत नाही. पण २०११ मध्ये हे मेल आउटलुक एक्सप्रेसमधून थंडरबर्डमध्ये आणले तेव्हा ते बाण पडले नव्हते. जुनी अनुक्रमणिका होती तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मी एमएसएफ उडवल्या, नव्याने मोजणी झाली, आणि सहा मेलांचे बारा झाले.

आणि आमच्या क्लार्ककाकांचं इंग्रजी. चार मेलांत परिच्छेद सुरू होतो 'फ्रॉम नाशिक' ने: नाशिकहून अमुक तारखेला कंटेनर निघाला. उरलेल्या दोघांत 'फ्रॉम अवर साइड', म्हणजे 'आमच्याकडून काही चूक नाही'. नेमकं तिथेच पत्र फाडलं गेलं होतं.

दुरुस्ती: थंडरबर्ड बंद. फाइलची प्रत. सीसीसीची फाइल १८० एमबीची, नोटपॅड++ मध्ये उघडते. या फाइलमध्ये खऱ्या खुणेत 'फ्रॉम' नंतर जागा, एक आडवी रेघ आणि तारीख असते. ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' आहे पण पुढे रेघ नाही अशा ओळी शोधल्या. बरोबर सहा. प्रत्येकीच्या आधी एक बाणाचं चिन्ह. जतन करताना प्रकार काही बदलायचा नाही. थंडरबर्ड उघडून त्याच एका फोल्डरवर रिपेअर.

सीसीसीत फरक शून्य. एकूण जुने १,४८,२३६, नवे १,४८,२३३. फरक ३, आणि आता तो खराच ३ आहे.

ते तीन कुठले तेही शोधलं. जुन्या एमएसएफवरून विषय कळले. खोक्यांच्या दरपत्रकाची दोन स्मरणपत्रं, एक बँकेला पाठवलेलं. ज्यांना पाठवले त्यांची उत्तरं इनबॉक्समध्ये आहेत आणि उत्तरांखाली मूळ मजकूर आहेच.

खर्च, मशीन सोडून: वायर ६५०, डिस्क ४,८००, मिसळ १६०. एकूण ५,६१०. दिवस: धरून-सोडून ११. कुणी सगळं आधी सांगितलं असतं तर तीन दिवसांत झालं असतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडा नीट गेला. दर शनिवारी थंडरबर्ड बंद करून 'जुना मेल' आणि पूर्ण प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर, दोन तारखांच्या दोन प्रती. डिस्क ऑफिसात ठेवत नाही, घरी नेते. कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे ते कपाटाच्या दाराला आतून लिहून चिकटवलंय. आमचे हे त्यावर काही बोलले नाहीत.

जुना सीपीयू भंगारात द्यायचा विषय निघाला. मी म्हटलं, सीझन पार पडू दे. डिस्क परत आत बसवून तो फायलींच्या कपाटावर ठेवला आणि वर कागद चिकटवला: 'चालू करू नये. एप्रिल २०२६ पर्यंत देऊ नये.'

दुपारी बघते तर एप्रिल खोडून आबांनी पेनाने 'मे' केलंय. शेवटच्या कंटेनरचे क्लेम मेपर्यंत येतात.